येळवसला तेरणाकाठी : मामा, आण्णा आणि एका खिळ्यावरची कॅलेंडरं

दिवस पहिला (१७ डिसेंबर २०२५) : पुणे ते बार्शी

मामांना येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावी घेऊन जायचं, हे दोन वर्षं नुसतं ठरत होतं. मामा पासष्ट वर्षांचे. पुण्यात कारखान्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहेत. गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, तेरणाकाठी. त्यांच्या नावावर अजून सव्वातीन एकर आहे आणि ती त्यांचे चुलतभाऊ आण्णा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात त्यातला तुकडा खरवडून गेल्याचा निरोप आला होता. मामा तेव्हा म्हणाले, "पाणी येतं आणि ओसरतं, त्यात काय!" पण दिवाळीनंतर त्यांनीच विचारलं, "येळवस कधी आहे गं?" मी चार दिवसांची रजा टाकली आणि पहाटे निघालो.

मी शाळेत भूगोल शिकवते. मामांचा हवामान बदलावर विश्वास नाही. आमच्या घरातला हा जुना वाद आहे आणि टेंभुर्णीपर्यंत तो पुन्हा रंगला. त्यांचं म्हणणं एका दमात सांगायचं तर असं : दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हा कुठे होत्या मोटारगाड्या? १९७२ ला कुठला हवामान बदल होता? पाऊस लहरी आहे, होता आणि राहणार. तुम्ही लोकांनी त्याला नवं नाव दिलंत आणि त्यावर परिषदा भरवता.

मामांचं बोलणं मी कधी हसण्यावारी नेत नाही. बहात्तरला ते बारा वर्षांचे होते. आईबरोबर दुष्काळी कामावर जाऊन पाट्या उचललेल्या, सुकडी खाल्लेली, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर वर्ष काढलेलं. ज्यानं ते सोसलं त्याला 'आताचं संकट वेगळं आहे' असं सांगितलं, की आपलं सोसणं कुणीतरी हलकं करतंय असं वाटत असणार. हे मला या प्रवासात उमगलं, पुण्यात बसून इतकी वर्षं उमगलं नव्हतं.

कुर्डुवाडी सोडून बार्शीकडे निघालं की सीना लागते. पुलाअलीकडे गाडी उभी केली. पूर येऊन अडीच-तीन महिने झाले होते, तरी कठड्याला उसाचं पाचट वाळून चिकटलेलं होतं. काठच्या बाभळींच्या शेंड्यांवर ठिबकच्या काळ्या नळ्या लोंबत होत्या, जमिनीपासून दोन पुरुष उंच. मामा बराच वेळ मान वर करून त्या नळ्यांकडे बघत राहिले.

खाली एक गृहस्थ पाण्याच्या मोटारीचा पाइप जोडत होते. चौकशी केली तर म्हणाले, "ही आमची सीना म्हणजे उन्हाळ्यात वाळूचा रस्ता. हिला उजनीचं पाणी यावं म्हणून आम्ही आंदोलनं केली, रस्त्यावर बसलो. ती नदी यंदा घरात आली. माझ्या बापानं तिला एवढी कधी बघितली नव्हती." आणि मग हातातला पाना खाली न ठेवताच, "चहा घेता का?" आम्ही चहा घेतला. कप गाळातून काढून धुतलेल्या संसारातले होते, एकाचा रंग दुसऱ्याला लागत नव्हता.

बार्शीत मुक्काम. रात्री कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी. थंडी चांगली होती. बार्शीला राहिलात तर सकाळी गर्दी व्हायच्या आत भगवंताच्या देवळात जाऊन या, दगडी मंडपात फार शांत वाटतं.

दिवस दुसरा : तेर, उजनीची बासुंदी आणि माळावरचं गाव

सरळ रस्ता सोडून येडशीवरून तेरला वळलो. गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं आणि लामतुरे संग्रहालयात तासभर काढला. हे गाव म्हणजे प्राचीन तगर, रोमपर्यंत व्यापार असलेलं. मातीच्या बाहुल्या आणि हस्तिदंती कोरीवकाम बघण्यासारखं आहे, लहान मुलं बरोबर असतील तर जरूर थांबा. तेरणा इथूनच खाली औशाकडे जाते.

दुपारी उजनीला थांबलो. ही औसा तालुक्यातली उजनी, धरणाची नव्हे. इथली बासुंदी घट्ट, खरपूस आणि रंगानं तांबूस. मामांनी दोन वाट्या खाल्ल्या. आण्णांकडे न्यायला अर्धा किलो बांधून घेतली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडायला लागली होती, हरभरा हिरवागार. वरवर बघणाऱ्याला इथे काही झालंय असं वाटणार नाही. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर मात्र शिवाराचा रंग एकदम बदलतो. काळ्या रानाच्या मधोमध पांढुरके, खडबडीत पट्टे दिसायला लागतात. माती गेलेल्या ठिकाणचा तो मुरूम.

आण्णांचं गाव भूकंपानंतर वसवलेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि तेरणाकाठची कितीतरी गावं नंतर उचलून माळावर आणली गेली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, एकासारखी एक घरं. आण्णा म्हणाले, "भूकंपानं गाव वर आणलं म्हणून यंदा घरं वाचली, दादा. वावरं तेवढी नदीपाशीच ऱ्हायली."

मामींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, संध्याकाळी चुरमुऱ्याचा सुशीला केला. मराठवाड्याबाहेर हा पदार्थ फारसा कुणाला ठाऊक नाही. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून परतायचे. प्रवासाचा शीण घालवायला याच्यासारखं काही नाही. पण मामींचं अर्धं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या तयारीत होतं. आंबिलासाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजत घातलेलं, सोले सोलून ठेवलेले, पहाटे तीनला उठायचं होतं.

दिवस तिसरा : येळवस

वेळ अमावास्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. लातूर शहर या दिवशी अक्षरशः ओस पडतं, सगळी माणसं रानात. त्या दिवशी जाणार असाल तर हॉटेलं उघडी असतील अशा भरवशावर राहू नका. पण उपाशीही राहणार नाही, कारण रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. २०२६ मध्ये अधिक महिना आहे, त्यामुळे पुढची येळवस २०२७ च्या जानेवारीत पडेल. पंचांग बघून निघा.

सकाळी नऊला रानात निघालो. मामींच्या डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, आण्णांच्या खांद्यावर कडब्याच्या पाच पेंढ्या. त्या पेंढ्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या. आण्णांची कडब्याची सगळी बनीम, म्हणजे रचलेली गंजी, पुरात वाहून गेली होती.

कोप करायची म्हणजे कडब्याच्या पेंढ्या जमिनीत रोवून त्यांचे शेंडे वर बांधायचे, वरून शाल पांघरायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे. आण्णांची कोप दरवर्षी नदीकडच्या बांधाजवळ, आंब्याखाली होते. नेमका तोच तुकडा खरवडलेला. आण्णांचा मुलगा म्हणाला, वरच्या रानात करू. मामी म्हणाल्या, "देव काय दरसाल जागा बदलतेत व्हय?" आणि तिथेच बसल्या.

पेंढी रोवायला आण्णांनी पहार घातली. ठण्ण आवाज आला. वीतभरसुद्धा आत जाईना. दुसरीकडे घातली, तिथेही तेच. जिथे गेल्या वर्षी पेंढी हातानं दाबली की रुतत होती तिथे आता मुरूम आणि दगड. शेवटी मुलानं आणि मी चारी बाजूंनी गोटे आणले, पेंढ्या उभ्या धरल्या आणि बुडाशी गोट्यांचा ढीग रचला. कोप उभी राहिली, पण वाऱ्यानं हलत होती. मामा एका हातानं ती धरून उभे राहिले, पूजा होईपर्यंत.

आण्णा आंबील शिंपडत कोपीभोवती फिरले. 'ओलगे ओलगे, सालम पोलगे' असे काहीसे शब्द, कानडी वळणाचे. अर्थ तिथे कुणी सांगू शकलं नाही आणि कुणाला त्याची गरजही वाटत नव्हती.

मग पंगत. या जेवणाबद्दल लिहायचं तर भज्जीपासून सुरुवात करायला हवी. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे सोले, गाजर, वांगी, बोरं, चिंच, पालेभाज्या, सगळं बेसन लावून एकत्र शिजवलेलं. त्या महिन्यात रानात जे पिकतं ते सगळं एका पातेल्यात. सोबत ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, धपाटे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि लसणाच्या फोडणीची गार आंबील. आंबील पोटाला जड असते आणि झोप आणते. गाडी चालवायची असेल तर बेतानं प्या.

भज्जी वाढताना मामी म्हणाल्या, "यंदा हरभऱ्याचे सोले इकत आणलेत." एवढंच म्हणाल्या. हरभरा यंदा उशिरा पेरला होता, घाटे अजून भरले नव्हते. वाफसाच आला नाही दिवाळीपर्यंत, रान ओलंच राहिलं, मग पेरणार कशी? रानात ज्वारीही गुडघाभरच होती.

भाज्या मात्र घरच्या होत्या. मामींनी माळाकडचं अर्धा एकर आपल्या ताब्यात घेतलंय. त्यात पालक, मेथी, वांगी, गवार, घेवडा, कडेनं तूर आणि बाजरी असं मिश्र पीक त्या करतात. भूकंपानंतर या भागात बायकांचे बचतगट उभे राहिले, त्यातून 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेनं बायकांना एक एकरात अशी शेती करायला शिकवलं. त्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. मामी त्या गटातल्या नाहीत, शेजारणीचं बघून शिकल्या. सोयाबीन पाण्यात उभं असताना घरात आठवड्याचा पैसा आला तो त्या अर्ध्या एकरातून.

जेवणानंतर आंब्याखाली सतरंजीवर आडवे झालो आणि मामांनी विषय काढलाच. "आण्णा, ही म्हणते हवामान बदललंय. तू सांग, बहात्तरला कमी हाल झाले का?"

आण्णा लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, बहात्तरला खायला नव्हतं, पण हिरीला पाणी व्हतं. सोळाला रेशनचं धान्य घरात व्हतं, पाणी न्हवतं. मिरजंहून रेल्वेनं आणलं लातूरला. बोअर आठशे फूट नेलं, नुसता फुफाटा निघाला. त्याच सालच्या परतीच्या पावसात नदीला पूर. मला सांग, एकाच सालात दोन्ही, आसं कधी बघितलंस तू?"

मामा म्हणाले, "एखाद्या वर्षी होतं तसं."

"एखाद्या न्हाई." आण्णा बोटांवर मोजायला लागले. "अठराला दुष्काळ. वीसला दसऱ्याच्या तोंडावर पाणी. एकवीसला सप्टेंबरात पूर. तेवीसला आख्खा ऑगस्ट कोरडा. चोवीसला पोळ्याला पाणी. आन यंदा हे. मधी एक साल तरी उसंत पायजे का न्हाई माणसाला? सावकाराचं एक फेडावं तवर दुसरं."

मला वाटलं आता आण्णा माझ्या बाजूचे झाले. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"माय, तू म्हणतीस ते खरं हाय. पण तुमचा तो शब्दबी मला आवडत न्हाई. गाड्या घेऊन येतेत, फोटो काढतेत, हवामान बदल म्हणतेत आन जातेत. आसं म्हणलं की कुणाचाच दोष ऱ्हात न्हाई. ओढा कुणी बुजवला? वरून पाणी सोडल्याचा निरोप रातच्याला उशिरा का आला? सोयाबीनचा हमीभाव ५,३२८, माझा दाणा काळा पडला म्हणून ३,४०० ला घेतला, ते बी ढगांनी केलं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी द्यायचा प्रयत्नही केला नाही. गेल्या वर्षीची त्यांची गोष्ट तर माझ्या मनातून जात नाही. अतिवृष्टी धरायला चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस लागतो आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या ठिकाणच्या यंत्रावर. आण्णांच्या शेतात कंबरेएवढं पाणी, यंत्र दुसऱ्या गावात, तिथे पाऊस ६५ च्या आत. म्हणजे कागदावर त्या दिवशी अतिवृष्टी झालीच नाही. वर्गात मी मुलांना पर्जन्यमापकाचं चित्र काढायला लावते. त्या नळकांड्यावर एखाद्या घरचं वर्ष ठरतं, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून पोरं पिकांच्या कडेनं धावली. शिवारभर असे शेकडो जाळ हलताना दिसत होते. नदीपलीकडेही. थंडीत तो उजेड बघत आम्ही बांधावर उभे होतो. येळवसला गेलात तर दुपारीच परत फिरू नका, हे बघायला थांबा.

रात्रीची गोष्ट. आण्णांच्या सोप्यात एका खिळ्यावर कालनिर्णय टांगलेलं आहे. त्याच्यामागे गेल्या वर्षीचं, त्यामागे त्याआधीचं. खिळा मोठा आहे. सगळ्यात मागचं १९९८ चं. आण्णा जुनं काढत नाहीत, नवं वर अडकवतात, कारण तारखेच्या चौकोनात ते पेन्सिलीनं पाऊस लिहितात. मिलिमीटर वगैरे नाही. 'भुरभूर', 'बरा', 'पेरणीजोगा', 'जोराचा', 'वढ्याला पाणी'. शेजारी गाईच्या दुधाचा आकडा, कधी मजुरांचा.

मामांनी चष्मा लावला आणि सगळी चळत खाली उतरवून मांडीवर घेतली. त्यांना आपला मुद्दा सिद्ध करायचा होता, पाऊस आधीही असाच होता. १९९८ पासून एकेक जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर उलटत ते बोट फिरवत होते. पहिल्या काही वर्षांत पानावर पेन्सिल जागोजागी : भुरभूर, बरा, भुरभूर, भुरभूर, पेरणीजोगा. अलीकडच्या पानांवर रिकामे चौकोन वाढत जातात आणि मग एकदम तीन-चार चौकोन 'वढ्याला पाणी'नं भरतात. ऑगस्ट २०२३ चं पान जवळपास कोरं. देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच. आणि सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात लिहायला जागा पुरली नव्हती, चौकोनांवरून आडवं लिहिलेलं होतं : 'नदी वावरात.'

मामा म्हणाले, "पाऊस तेवढाच आहे रे."

आण्णा म्हणाले, "तेवढाच हाय, दादा. दिवस कमी झालेत."

मामा पुढे काही बोलले नाहीत. पानं पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागले.

आण्णांनी तीन शब्दांत सांगितलं ते शिकवायला मला एक तास लागतो. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ती ते धरून ठेवते आणि मग एकदम ओतते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासून २०१७ साली मांडलं, की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या आणि त्याचं एक कारण तापत चाललेला अरबी समुद्र आहे. हवामान खात्यानं २०२० साली मान्सूनच्या सरासरी तारखाच नव्यानं ठरवल्या. वायव्य भारतातून परतीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला धरत, आता १७ सप्टेंबरला. मुंबईतून २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबरला.

या तारखा शेजारी सोयाबीन ठेवून वाचायला हव्यात. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन शंभरेक दिवसांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते दसऱ्याच्या सुमाराला काढणीला येतं. पाऊस लांबला की पिकलेल्या शेंगा उभ्या झाडावर भिजतात आणि शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. ज्या भागानं गेल्या तीसेक वर्षांत ज्वारी सोडून सोयाबीन धरलं, त्याच भागात परतीचा पाऊस नेमका काढणीवर येऊन बसलाय. आण्णांनी यंदा ठरवलंय, लवकर येणारं वाण घ्यायचं आणि निम्मं रान बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरायचं. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर मुरतं.

दिवस चौथा : अंगठा

खरवडून गेलेल्या जमिनीला सरकारनं ऑक्टोबरमध्ये हेक्टरी ४७ हजार रोख जाहीर केले. मामांच्या सव्वातीन एकरातलं दीड एकर गेलं, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या आसपास. पंचनामा सातबाऱ्याच्या नावावर, म्हणजे मामांच्या. बी, खत, फवारणी, मजुरी आण्णांची. मामांना पुण्यात दोन महिन्यांपूर्वीच मोबाइलवर निरोप आला होता, ई-केवायसी करा. त्यांनी तो फसवणुकीचा समजून पुसून टाकला होता.

मग आम्ही तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात गेलो. यादीतला विशिष्ट क्रमांक सापडायला वेळ लागला. रांगेत वीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि पासबुक. आण्णांच्या स्वतःच्या जमिनीचंही राहिलं होतं. त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला, उमटला नाही. पुसून ठेवला, नाही. केंद्रातल्या पोरानं बाटलीतलं पाणी दिलं, आण्णांनी अंगठा धुऊन धोतराला पुसला, तिसऱ्यांदा ठेवला. नाही. मी तो अंगठा जवळून बघितला. खुरप्याच्या मुठीनं रेषा घासून गेलेल्या, मधोमध एक आडवी भेग, भेगेत काळी माती. चौथ्या वेळी करंगळीवर काम झालं.

मामांचा अंगठा पहिल्याच फटक्यात उमटला. बाहेर आल्यावर त्यांनी तो अंगठा बराच वेळ दुसऱ्या हातात धरून ठेवला होता. गाडीत बसताना म्हणाले, "पैसे आले की तसेच तुझ्या खात्यावर टाकतो." आण्णा म्हणाले, "निम्मे टाक. जमीन तुझी हाय." त्यावर दोघांची लातूरपर्यंत हुज्जत चालली आणि ती मिटलेली मी ऐकली नाही.

तुमच्यापैकी कुणाची गावाकडे बटईनं दिलेली जमीन असेल तर एवढं कराच : शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या आणि नुकसानभरपाईचा निरोप आला तर पुसण्याआधी गावात फोन करून विचारा. तुम्ही अंगठा दिला नाही तर रानात राबणाऱ्याचे पैसे अडतात.

लातुरात गंजगोलाईला चक्कर मारली, मामांनी मामींसाठी लुगडं घेतलं. संध्याकाळी परत गावी.

दिवस पाचवा : मांजरा आणि परत

सकाळी निघताना आण्णा आम्हाला गावाबाहेरच्या पाझर तलावावर घेऊन गेले. बहात्तरच्या कामावर बांधलेला. याच्याच भरावावर मामांनी पाट्या टाकल्या होत्या. तलाव काठोकाठ होता, बदकं उतरलेली. मामा भरावावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि आले. आम्ही गाडीपाशी थांबलो.

मुरूड-कळंबमार्गे धनेगावला मांजरा धरण बघून परतायचं ठरवलं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात हे कोरडं पडलं म्हणून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आता डोळ्यात मावत नाही एवढं निळं पाणी. तिथला एक मासे विकणारा पोरगा म्हणाला, सप्टेंबरात दरवाजे उघडले तेव्हा आवाजानं झोप लागत नव्हती. कळंबच्या पुढे रस्त्याच्या कडेला खवा मिळतो, ताजा असेल तरच घ्या, आणि येरमाळ्याला येडेश्वरीचं दर्शन वाटेतच होतं.

बार्शी मागे पडल्यावर मामा म्हणाले, "आण्णाला फोन लाव. विचार, त्या दीड एकरावर माती भरायला किती हायवा ट्रक गाळ लागेल."

आण्णांनी हिशोब केला. एक फूट थर धरला तर दीडशे तरी.

"आपल्या तलावात आहे का एवढा?"

"गाळ पायजे तेवढा हाय, दादा. सगळ्या शिवाराची माती जाऊन तिथंच बसलीय. पण तळं आटल्याबिगर काढता येत न्हाई. ते आटतंय एप्रिल-मेला. अवंदा मेच्या मध्यालाच पाऊस लागला, मशीन आत उतरलंच न्हाई. पूर आला तो त्याच्याबी नंतर."

मामांनी फोन कानाला तसाच धरलेला. मग विचारलं, "पूर्वी मे कोरडा असायचा ना रे?"

"व्हय," आण्णा म्हणाले. "मी एप्रिलातच मशीन सांगून ठिवतो. आटलं तर काढू."